डाव्या विंगेतला आवाज

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आजही माझा विश्वास नाही म्हणा... पण मागच्या हिवाळ्यात जे ऐकलं, ते मनातून जात नाही. कुणाला काही उलगडलं तर सांगा.

मी इथं छत्रपती संभाजीनगरात हौशी नाटकं बसवतो. आमच्या ग्रुपचं एक जुनं नाटक आहे — बापाच्या तिरडीभोवती पोरं वाटणीवरून भांडतात, अन् शेवटी बापच उठून चहा मागतो. लोक पोट धरून हसायचे. बाप म्हणजे करमाडचे भास्करकाका. तिरडीवर त्यांना खरंच डोळा लागायचा. म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या प्रॉम्प्टर कमलकाकू, डाव्या विंगेतून हळूच म्हणायच्या, "अहो, उठा आता."

काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या. मागच्या हिवाळ्यात स्पर्धेसाठी मी नाटक नव्यानं बसवलं. म्हटलं, लोकांना हसत घरी जाऊ द्यायचं नाही. बाप उठणारच नाही. दोन मिनिटं नुसती शांतता, मग अंधार. प्रॉम्प्टरही काढून टाकला.

काका म्हणाले, "नाय उठलो तर लोकायला वाटंल, खरंच मेला म्हातारा."

"तेच तर पाहिजे, काका."

"बरं बाबा. तू म्हणशील तसं."

प्रयोग दुपारी चारचा. मी उजव्या विंगेत, शेजारी लाइटवाला सलीम. शेवटची शांतता सुरू झाली अन् समोरच्या विंगेतून आवाज आला — "अहो, उठा आता." जरा थांबून पुन्हा. तिसऱ्यांदा तर रडवेला... सलीम कुजबुजला, "सर, ये तो काकू..."

मला लई राग आला. वाटलं, कुणीतरी मुद्दाम माझा शेवट नासवायलंय. सलीमला खूण केली — लाइट घालवू नको, अजून ताण. दोनाची चार मिनिटं केली मी.

टाळ्या थांबता थांबेनात. काका उठले नाहीत. आम्ही आधी हसलो, वाटलं डोळा लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "चार-पाच मिनिटं आधी आणलं असतं तर..."

डाव्या विंगेचं दार बाहेरून बंद होतं. आत कुणीच नव्हतं. स्टेजवरच्या पोरांना काहीच ऐकू आलं नव्हतं, फक्त आम्हा दोघांना. का, ते मला आजही सांगता येत नाही.

दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षकांनी शेवटाचं खास कौतुक केलं. काकांची मुलगी अजून फोन करते, विचारते, "दादा, बाबांना वाचवता आलं नसतं ना हो?"

मी म्हणतो, "नाही गं."