जमिनीला ठोकलेल्या दोन खुर्च्या

काकूंचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात बसले होते आणि समोरच्या संगणकावर एका माणसाची नोकरी संपवणारं पत्र अर्धवट टाइप केलेलं होतं. मारोती नावाचा पॅकिंगमधला कामगार. बरेच दिवस न सांगता गैरहजर, म्हणून 'आपण स्वतःहून नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे' असा मजकूर. साहेबांनी जुन्या पत्राचा नमुना दिला होता, मला फक्त नाव बदलायचं होतं. ते नाव मला टाकवत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत लातूरला मधुकरकाकांना फोन करून विचारावं, असं सकाळपासून घोळवत होते. म्हणून त्यांच्याच घरचा नंबर दिसल्यावर क्षणभर वाटलं, यांना कसं कळलं... पलीकडून काकू म्हणाल्या, "काका गेले गं. सकाळी, चहा घेता घेता." फोन ठेवला तरी पडद्यावरचा कर्सर तसाच लुकलुकत होता, मारोतीच्या नावाच्या जागी.

त्याला आता काही आठवडे झाले. काकांविषयी लिहायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. मी त्यांची नात्याची कोणी नाही, त्यांच्या माडीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिलेली मुलगी. माझं गाव नायगाव तालुक्यात. वडिलांचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे लातूरला व्यवस्थापनाच्या अभ्यासाला आले तेव्हा मनुष्यबळ म्हणजे काय हे घरी समजावून सांगता येत नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "माणसं कामावर ठेवायचं शिकून राहिली." हे काकांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "बरोबर सांगते की तुझी आई. ठेवायचं शीक. काढायचं काय, कुणालाही येतं."

काका कामगार कायद्याचे सल्लागार होते. डाळमिलवाले, तेलगिरणीवाले, एमआयडीसीतले छोटे कारखानदार त्यांच्याकडे येत. काका मालकांचे होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. फी मालकच देत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं आणि तिथं टेबलासमोर दोन लाकडी खुर्च्या शेजारी शेजारी, पायांना लोखंडी पट्ट्या लावून फरशीत बोल्टने घट्ट ठोकलेल्या. आधी मला वाटलं, चोरीच्या भीतीनं असेल. काकूंनी कारण सांगितलं. मालक आणि कामगार समोरासमोर बोलायला आले की मालक बोलता बोलता आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून काकांच्या बाजूला येऊन बसत. मग एकीकडे दोघं, दुसरीकडे एकटा कामगार, तोही बहुतेक उभाच. "वैतागून एक दिवस फिटरला बोलावलं," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, आता बसतील एका ओळीत."

त्या खुर्च्यांमधलं एक बोलणं मी ऐकलं. काकांनीच परवानगी घेऊन मला दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं, अभ्यास म्हणून. मिलवाले अप्पा आले होते. कपाळावर विभूती, पांढरं धोतर, खिशात दोन मोबाइल. त्यांच्या मिलमध्ये डाळ निवडायला बायका असत आणि तिथं अप्पांच्या वडिलांच्या काळापासूनची एक रीत होती. जागा बाईची नाही, घराची. सासू थकली की तिच्या जागेवर सून यायची आणि नाव सासूचंच चालायचं. हजेरीला तेच नाव, हाक मारायलाही तेच. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, उलट घराची जागा राहिली म्हणून सुनांना बरंच वाटे. तर गिरजाबाई या नावाच्या जागेवर तिची सून चंद्रकला कित्येक वर्षं काम करत होती. तिला दिवस गेले. तिनं बाळंतपणाची रजा मागितली.

अप्पा खदखदून हसत होते. "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा. गिरजाबाईची साठी उलटली. आता तिला कशाची वो बाळंतपणाची रजा? सरकार मला खुळ्यात काढंल की."

"चंद्रकलाला विचारलं का?" काका म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कुणीही काहीही तक्रार घेऊन आलं तरी आधी हाच.

"तिला काय विचारायचं? ती कागदावर न्हाईच."

"मग उद्या तिला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी चंद्रकला आली. दारातच थांबली. काका उभे राहिले आणि खुर्ची दाखवली, तशी ती खुर्चीच्या कडेला टेकली, पदर दोन्ही हातांनी धरून. शेजारच्या खुर्चीत अप्पा. सवयीनं त्यांनी खुर्ची मागं ओढायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, तेव्हा खाली वाकून बघितलं.

"अप्पा, यांना नाव विचारा," काका एवढंच म्हणाले.

"नाव काय विचारायचं? गिरजाबाई."

"विचारा तरी."

अप्पांनी मान न वळवता विचारलं, "काय गं तुजं नाव?"

"मालक, तुम्ही तर गिरजाबाईच म्हनताव."

"तुजं गं. तुजं सोताचं."

"चंद्रकला."

काका सावकाश बोलू लागले. समजा, उद्या निरीक्षक आला, तर तुम्ही काय सांगणार? साठी उलटलेली बाई चाळणीच्या मशीनवर उभी राहते, की चंद्रकला इतकी वर्षं तुमच्याकडे कामाला आहे? दोन्ही एकदम खरं असणार नाही. पहिलं सांगितलं तर अंगलट येईल. दुसरं सांगितलं तर रजा द्यावी लागेल, आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा. "उद्या हिचं बोट मशीनमध्ये गेलं तर भरपाई कुणाच्या नावानं देणार, सासूच्या?" अप्पांचं हसू आटलं होतं. ते चंद्रकलाकडे वळून म्हणाले, "आगं, आधीच बोलायचं न्हाई का?" ती म्हणाली, "कुनी इचारलंच न्हाई."

रजा मिळाली. एवढंच नाही, अप्पांनी काकांच्या सांगण्यावरून सगळ्या बायकांना त्यांच्या त्यांच्या नावानं नेमणूकपत्रं दिली. नव्या कायद्यात ती प्रत्येकाला द्यायचीच आहेत. मला वाटलं, गोष्ट इथं संपली. मी कॉलेजच्या प्रकल्पात तसंच लिहिलं, शेवटी 'यशस्वी तोडगा' असं उपशीर्षक दिलं. काकांनी वाचलं आणि ते दोन शब्द पेन्सिलीनं खोडले.

त्याचं कारण मला काही महिन्यांनी कळलं, गिरजाबाई स्वतः आली तेव्हा. वाकलेली, काठी टेकत, रिक्षातून उतरली ती बोलतच. तिची धाकटी सून चंद्रकलाच्या रजेत मिलवर गेली होती, नेहमीच्या रीतीनं, घरच्या जागेवर. दारवानानं परत पाठवलं. आता नाव ज्याचं त्यालाच आत सोडतात. "साहेब, तुमी माज्या सुनंला नाव दिलं, लई बेस केलं. पर माज्या घरची जागा गेली की वो." काकांनी तिला खुर्चीत बसवलं, चहा दिला, बदली कामगार म्हणून धाकटीचं नाव लावून घ्यायला अप्पांना सांगेन म्हणाले, आणि सांगितलंही. अप्पांनी ऐकलं नाही. आता एकदा कायद्यानं चालायचं म्हणजे कायद्यानंच, म्हणाले. काकांचीच वाक्यं काकांना परत ऐकवली.

त्यानंतर काका संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचे. तसे आधीही मारायचे, पण आता वेगानं, हात मागं बांधून, मध्येच थबकून. वाळलेले कपडे काढायला मी वर गेले की तिथंच अडकून पडायची, कारण ते चालता चालता माझ्याशी बोलायचे, माझ्याशी की स्वतःशी कळायचं नाही. "रीत वाईटच होती. पण त्या रीतीत म्हातारीला 'ही माझ्या घरची जागा' असं काहीतरी सांगायला होतं. आता तिला काय आहे?" मी म्हणायची, काका, पण चंद्रकलाचं तर भलं झालं. "झालं. झालंच." आणि पुन्हा फेरी. मला उत्तर हवं होतं. मी शिकायला आले होते, मला वाटायचं कायदा शिकला की कोण बरोबर कोण चूक हे सांगता येतं. एकदा न राहवून विचारलं, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "फी घेतो त्याच्या. पण त्याला ऐकायला लावतो. ऐकल्यावर माणूस चुकला तर चुकला... न ऐकता चुकला तर मग मी कशाला बसलोय इथं?" समाधान काही झालं नाही माझं. त्यांचंही झालेलं नसावं.

नांदेडला निघाले त्या दिवशी ते बसस्टँडवर सोडायला आले, काकू नको म्हणत असताना. गाडी लागेपर्यंत फलाटावर चालतच होते. मला म्हणाले, "तिथं तुला टेबल मिळेल. मिळालं की बघ, समोर किती खुर्च्या आहेत ते." एवढाच निरोप. हेच शेवटचं बोलणं.

अंत्यविधी करून मी कारखान्यात परतले तेव्हा पत्र तसंच होतं. साहेब म्हणाले, "अगं, ते मारोतीचं राहिलं बघ." साहेबांच्या केबिनमध्ये समोर एकच खुर्ची आहे, आणि त्यांना भेटायला आलेले बहुतेक कामगार उभेच राहतात. मी पण उभी होते. माझा आवाज इतका बारीक निघाला की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालीस म्हणून.

"सर, त्यांना विचारलं का?"

"फोन लावला होता. उचलत नाही."

"नोटीस? घरच्या पत्त्यावर?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुला इथं शिकायला घेतलंय का शिकवायला?" मी म्हणाले, चौकशी न करता काढलं आणि ते कोर्टात गेले तर कंपनीलाच जड जाईल. हे खरं होतं, पण मला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. तरी याच वाक्यानं काम झालं. काका असते तर त्यांनीही हेच वाक्य पुढं केलं असतं. साहेब म्हणाले, "बोलाव."

मारोतीच्या गावाकडच्या एका कामगाराकरवी निरोप गेला. मारोती आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, टोपी हातात, शर्टाला ताजी इस्त्री. मी बाहेर जाऊन माझ्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि साहेबांसमोर असलेल्या खुर्चीशेजारी ठेवली. पॅकिंगच्या सुपरवायझरांनाही बोलावलं होतं, ते एका खुर्चीत बसले, मारोती दुसऱ्या. मी उभी राहिले.

"का येईनासे झालात?" साहेबांनी विचारलं.

मारोतींनी सुपरवायझरकडे पाहिलं. "ह्यांचं नि माजं जरा बोलनं झालं. हे म्हनले, बोलवल्याबिगर यायचं न्हाई. म्हनून घरीच हावं. मी बोलवायची वाट बघून राहिलो, साहेब."

"आणि फोन?"

"फोन पोराकडं हाय. पोरगं पुन्याला."

सुपरवायझर खिडकीबाहेर बघत होते. ज्या पत्रात मी त्यांचं नाव भरणार होते त्यात लिहिलं होतं, आपण स्वतःहून नोकरी सोडली... साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "उद्यापासून या. बाकीचं चौकशीत बघू." मारोती उठले, आणि जाताना खुर्ची जागच्या जागी नीट सरकवून ठेवली.

चौकशी अजून चालू आहे. सुपरवायझर माझ्याशी बोलत नाहीत. मारोतींची नोकरी टिकेल का, मला सांगता येत नाही, आणि काकांना विचारताही येत नाही. लातूरहून काकूंचा परवा फोन होता. पुढची खोली कोचिंग क्लासवाल्याला द्यायची आहे, तो म्हणतो खुर्च्या काढा. फिटर येऊन गेला, बोल्ट गंजलेत, फिरत नाहीत. "काय करू गं?" काकूंनी विचारलं. मी म्हणाले, राहू द्या थोडे दिवस.

इथली माझी खुर्ची प्लास्टिकची, हलकी. मारोती येऊन गेले त्या दिवसापासून मी ती साहेबांसमोर ठेवते आणि स्वतः स्टुलावर भागवते. संध्याकाळी कुणीतरी ती परत माझ्या टेबलाला लावून ठेवतं, साहेब की शिपाई, कळत नाही. मी सकाळी आले की आधी ती उचलते, आणि पुन्हा आत नेऊन ठेवते.