सगळ्यांचा पहिला नंबर

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, कंपनीत संगणकाच्या दोन चिप एकमेकींशी जोडून देतात. आधी ओळख, मग वेग ठरवायचा, मगच बोलणं. इथवर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. पण एका चिपकडून दुसरीकडे माहितीचं कुठलं पॅकेट आधी जाणार, हे ठरवताना त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघेल तर शपथ! ऑफिसात साहेब पाच, प्रत्येकाचं पॅकेट वेगळं; येईल त्या साहेबाच्या पॅकेटला पहिला नंबर. पाचही साहेब खूश, भावजींचा कणा तेवढा रजेवर.

‘थांबा, माझी जागा भरली’ सांगणाऱ्या पॅकेटची शिफारस करायला मात्र कोणी साहेब आला नव्हता. चाचणीत ते मागेच अडकलं, भरलेल्या चिपवर बाकीची पॅकेटं आदळतच राहिली आणि दोघींमधली जोडणी, म्हणजे लिंक, कोसळली.

घरी येऊन भावजी कुरकुरले, “शेवटचा नंबर द्यायचा तरी कुणाला?”

ताई भाजी चिरता चिरता म्हणाली, “का? मला तर न विचारता देता.”