मालिनीवहिनींची चूळ

आमच्या शेजारच्या मालिनीवहिनी हातखंब्याच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढी वर्षं दमा आपल्याला वर्गात उभं राहू देतो की नाही, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. नवरा, म्हणजे आमचा श्याम, कचेरीत कारकून. काहीही विचारा, "बघू" म्हणणार. लग्नाच्या वेळीही तो तेवढंच म्हणाला होता, असं मी गावभर सांगत असे.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी वहिनींना तोंडाने ओढायचा पंप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि लगेच चूळ भरायची. पंप त्यांनी नेमाने ओढला, चूळ मात्र भरली नाही. त्यांचे वडील नाटे गावचे वैद्य. चाटण घेतलं की अर्धा तास पाणी नाही, हा त्यांचा दंडक. वैद्याची लेक औषधावर पाणी कशी घेईल?

महिन्याभरात आवाज बसला, जिभेवर पांढरे चट्टे आले, आमटीसुद्धा झोंबू लागली.

"वहिनी, श्यामची चंगळ झाली. घरात शांतता," मी कुंपणावरून म्हटलं.

"भावोजी, हसवू नका. खोकला येतो."

मग कुणाला न विचारता त्यांनी पंप फडताळात टाकला. तिसऱ्या आठवड्यात एसटीतून उतरून घराच्या अकरा पायऱ्या चढताना त्या तीनदा बसल्या. छातीतली शिट्टी माझ्या पडवीत ऐकू आली. मस्करी तिथेच राहिली, मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात वाफ दिल्यावर श्वास जरा मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "औषध फुप्फुसात जायला हवं. तोंडात उरतं त्याने चट्टे येतात. ते खळखळून थुंकायचं, गिळायचं नाही. आणि त्रास झाला तर मला सांगा. आपल्या मनाने पंप बंद करू नका." चट्ट्यांसाठी थेंब दिले, पंपाला लावायला प्लास्टिकची नळीही दिली, म्हणजे औषध तोंडात कमी साचेल.

"हे जन्मभर का?" वहिनींनी विचारलं.

"दमा ताब्यात राहिला तर मात्रा कमी करता येईल. पण मी सांगेन तेव्हा."

त्यानंतर रोज सकाळी त्यांच्या मोरीतून खळखळ ऐकू येऊ लागली.

"गुळण्यांची शिकवणी काढलीत का, वहिनी?"

"कंटाळा आलाय हो, भावोजी. पंप, नळी, चूळ. संध्याकाळी पुन्हा तेच."

एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि साडेनऊच्या गाडीसाठी सावकाश चालू लागल्या.