चौदा कोणाचा

परभणीला चार दिवसांचं नाट्यप्रशिक्षण झालं आणि मी जिंतूरला परतलो तो निम्मा दिग्दर्शक होऊनच. शाळेत मी मराठी शिकवतो. शिकून आलेले खेळ वाया जाऊ नयेत म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागलो आणि नववीसाठी आठवड्याला एक नाटकाचा तास मिळवला. वीस मुलंमुली आली.

तासाची सुरुवात मोजणीच्या खेळाने. गोल करून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सगळ्यांनी मिळून एक ते वीस मोजायचं. कोणता आकडा कुणी म्हणायचा हे आधी ठरवायचं नाही. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. याने म्हणे एकमेकांचं ऐकायची सवय लागते आणि ती लागल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. आमची गाडी सहाच्या पुढे जाईना. सात म्हणायला निम्मा वर्ग तुटून पडायचा. माझं तोंड उतरायचं, तास संपायचा आणि नाटक तसंच राहायचं.

दिवाळीनंतर मात्र चमत्कार झाला. पहिल्याच फटक्यात वीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस. मग काय, मी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांना ऐकण्याचं महत्त्व समजावून सांगू लागलो. त्यांनी महिनाभर शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा तास गणिताला द्या म्हणून मुख्याध्यापकांकडे मागणी केली.

"आधी बघतो तिथं काय चाललंय ते," मुख्याध्यापक म्हणाले.

ते आले त्या दिवशी गडबडीत मी हजेरीही घेतली नाही. गोल झाला, डोळे मिटले. तेरापर्यंत सुरेख गेलं आणि मग कुणी बोलेचना. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. तास हातचा जातोय हे दिसत होतं, पण कशामुळे ते कळत नव्हतं. शेवटी माझ्या शेजारची मुलगी डोळे न उघडता कुजबुजली, "सर, चौदा देवगाव फाट्याच्या पोरीचा हाय. तिची एसटी आली न्हाई."

म्हणजे आकडे वाटून घेतलेले होते. मला संताप आला, लाज वाटली, आणि मग मी डोळे मिटून खर्जातल्या आवाजात म्हणालो, "चौदा."

"पंधरा," लगेच कुणीतरी म्हणालं आणि वीसपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं.

"काय एकाग्रता आहे. चालू ठेवा हा तास," असं म्हणून मुख्याध्यापक गेले. त्यांची पाठ वळताच मी विचारलं, "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून," शेजारची मुलगी म्हणाली. "तुमी लय नाराज होऊन जायचे, सर. आमाला बरं वाटंना."

म्हणजे इतके आठवडे ही पोरं चेहऱ्यावर एकाग्रता आणून, दोन आकड्यांमध्ये बेताचं थांबून माझ्यासमोर नाटक करत होती आणि नाटकाच्या मास्तरला पत्ता नव्हता. मला गलबलून आलं. रागवायचं राहूनच गेलं.

पुढच्या तासाला देवगाव फाट्याची मुलगी आली. तिला सगळं कळलेलं होतं. गोल होण्याआधी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, चौदा माझा हाय," ती म्हणाली. "आता आमी एकवीसपर्यंत मोजणार. एकवीस तुमचा."