मागच्या सीटची रुंदी

पंढरीनाथ केळशीकरांनी शोरूममध्येच पिशवीतून लाकडी पट्टी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या काढल्या. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःचा उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत करकचून बांधला. गुडघा आता वाकेना. विक्रेता रिझवी गालातलं पान गालातच ठेवून बघत राहिला.

"साहब, चोट आयी है क्या?"

"मुझे नहीं, मेरी मिसेस को. आप बस दरवाज़ा पकड़िए."

लखनौच्या एका संशोधन संस्थेत केळशीकरांचा जन्म हिशेब विभागात गेला होता. निवृत्ती तोंडावर आली तरी ताळा पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची सवय सुटली नव्हती. संस्थेत त्यावरून टिंगलही चाले. केळशीकर चहात साखर आहे की नाही तेसुद्धा दोनदा ढवळून बघतात, असं लोक म्हणत. पण यावेळचा हिशेब कागदावर मांडता येण्यासारखा नव्हता.

इंदिरा नगरच्या चौकाजवळ, एका गतिरोधकावर, त्यांच्या स्कूटरवरून त्यांची बायको लीलावतीबाई पडल्या त्याला काही वर्षं झाली होती. हाड जुळलं, गुडघा मात्र लाकडासारखा ताठ राहिला. त्यांना पायापेक्षा जास्त दुखलं ते दुसरंच. रस्त्यावरच्या चार अनोळखी माणसांनी त्यांना गोणीसारखं उचलून रिक्षात घातलं होतं, लुगडं कुठे आणि पदर कुठे. तेव्हापासून त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. कानपूरला सावनीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं डोहाळेजेवण झालं, त्यालाही गेल्या नाहीत. मधे एकदा भाड्याची टॅक्सी दारात आणली, तर ड्रायव्हरने "माताजी, आइए" म्हणत काखेत हात घातला. बाई तशाच काठी टेकत घरात परत गेल्या.

आता सावनीचा सातवा सरत आला होता. आठव्या महिन्यात गर्भारणीने गाव ओलांडायचं नाही, हा केळशीकरांच्या घरचा रिवाज. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, तर या आठवड्यातच तिला आणणं भाग होतं. आणि सावनीने फोनवर एका वाक्यात निकाल लावला होता. "पापा, आई लेने आएगी तो आऊँगी. नहीं तो मैं यहीं ठीक हूँ."

लीलावतीबाईंनी ते ऐकलं आणि बराच वेळ पोळपाटावरचं पीठ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाईन. पण माझी मी चढेन, माझी मी उतरेन. कोणाचा हात लागला, तर तिथूनच परत."

शोरूमला यायला त्या तयार नव्हत्या. चार माणसांसमोर पाय उचलून दाखवायला ती काय सर्कस होती? म्हणून ही पट्टी आणि चिंध्या.

पाय सरळ राहणार, म्हणजे बाईंना मागच्या सीटवर आडवंच बसावं लागणार. एका दाराला पाठ टेकायची, ताठ पाय सीटच्या पाठीलगत लांबवायचा, चांगला पाय खाली सोडायचा. केळशीकरांनी असं एकेका गाडीत बसून पाहिलं. एकीचा टप इतका खाली, की आत शिरताना मान मुडपावी लागे. दुसरीची सीट गादीसारखी मऊ, पण मागच्या चाकांच्या उंचवट्यांनी तिची दोन्ही टोकं खाल्लेली. पाय पुरता पसरेना. शेवटी आली ती उंच टपाची नवी गाडी. बैठक खुर्चीच्या उंचीची, दार रुंद, सीट सपाट. केळशीकर उजवीकडच्या दाराने आत शिरले, सरकत सरकत डाव्या दाराला पाठ टेकली. बांधलेला पाय सीटच्या पाठीलगत मापात बसला.

"यही," ते म्हणाले. डाव्या दाराला आतून टेकायची गादीही त्यांनी स्क्रूने पक्की बसवून घेतली.

निघायच्या सकाळी शेजारचे निगमसाहेब सहकुटुंब गाडी बघायला फाटकात उभे राहिले. लीलावतीबाई उजव्या दारापाशी आल्या, काठी नवऱ्याकडे दिली, पाठमोऱ्या बसल्या आणि हातांवर जोर देत मागे सरकल्या. पाठ गादीला टेकली. पण ताठ पाय सीटच्या पाठीलगत येण्याऐवजी बाहेरच्या कडेला आला, कडेवरून घसरला आणि टाच ड्रायव्हरच्या सीटमागे अडकली. चांगला पाय आत, सीटच्या पाठीशी दुमडून दबला. बाईंना ना पुढे होता येईना, ना मागे. कपाळावर घाम आला.

निगमसाहेब पुढे झाले. "भाभीजी, ज़रा-सा उठा देते हैं. दो मिनट का काम है."

"हाथ मत लगाइए!"

केळशीकरांचा असा आवाज कॉलनीत कोणी ऐकला नव्हता. निगमसाहेबांचा हात जागच्या जागी थांबला. केळशीकर मात्र गाडीत वाकून बघतच राहिले. सीट तीच, गादी तीच. मग चुकलं कुठे?

"अहो," आतून हळू आवाज आला, "तुम्ही कुठला पाय बांधला होता?"

त्यांनी आपल्या उजव्या मांडीवर हात ठेवला.

"आणि माझा कुठला?"

रोज सकाळी केळशीकर पाटावर बसून बायकोच्या पायात मोजा चढवत, तिच्या समोर तोंड करून. तो पाय रोज त्यांच्या उजव्या हाताला असे. डोक्यात तो उजवाच होऊन बसला होता. साऱ्या जगाचा ताळा पाहणाऱ्या माणसाला, एकदा तिच्या जागी वळून बसावं, हे सुचलं नव्हतं.

"आधी ही पुढची सीट सरकवा. मग डोक्याला हात लावून बसा."

सीट पुढे गेली, टाच सुटली. बाई दातओठ खात, हातांवर रेटा देत बाहेर आल्या, काठी घेतली आणि फाटकाकडे वळल्या. केळशीकर वाटेतून हटले. निगमसाहेबही बाजूला सरले.

फाटकाच्या कडीवर बाईंनी हात ठेवला. तो तिथे थोडा वेळ राहिला. मग मागे न बघताच त्या म्हणाल्या, "त्या दाराची गादी काढताय ना? की तेही मीच करू?"

स्कूटरच्या डिकीतला स्क्रूड्रायव्हर आला. एक स्क्रू गाडीखाली घरंगळला, पण गादी निघाली. बाई आता डाव्या दाराने बसल्या, उजव्या दारापर्यंत सरकल्या. ताठ पाय सीटच्या पाठीलगत सरळ पडला, दुसऱ्याचं पाऊल खाली टेकलं. सुटी गादी त्यांनी स्वतःच पाठीशी ओढून घेतली.

"ओटीचं सामान माझ्याजवळ द्या. सावनी पुढे बसेल, पोरीला ऐसपैस होईल."

चौकाजवळ तोच गतिरोधक आला. केळशीकरांनी गाडी इतकी हळू केली, की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"वाजवू दे त्याला," मागून लीलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी एका हाताने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. "आता सोडा. गेलं मागचं चाक."