हत्तीबळचं अत्तर

केरूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नव्हे. रत्नागिरीच्या सड्यावरचा कातळ ऊन चढलं की तव्यासारखा तापतो आणि विहिरीत उतरलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. बंद पडलेला पंप त्याच्या आत वर यायला हवा. म्हणून चारला चूल, मग पेज आणि हातखंब्याच्या फाट्यावरून पहिली एसटी. ज्याला हे जमत नाही त्यानं पंपाच्या कामात येऊ नये, असं तो म्हणायचा. येऊन पळालेले बरेच जण त्याचं म्हणणं खरं करून गेले.

केरू हत्तीबळ कंपनीच्या पंपांचा मिस्त्री. आंब्याची नवी कलमं लावली की पहिले काही उन्हाळे त्यांना पाणी द्यावं लागतं, आणि इथं पाणी खोल. हत्तीबळचा पंप जड, आवाज करणारा, वीज खाणारा. पण बंद पडत नसे. पडलाच तर श्रीपतीभाऊंच्या दुकानामागच्या पडवीत यायचा. पडवीला वर लोखंडी तुळई होती, तिला साखळीची कप्पी, खाली बाक. भाऊंनी एजन्सी घेतली तेव्हाच केरूला ठेवून घेतलं होतं. उघडलेला प्रत्येक नट रॉकेलमध्ये धुतल्याशिवाय तो परत लावत नसे. पंप बसवून झाला की मालक चहा पुढं करायचा. केरू चहाकडं बघतही नसे. पाणी बागेतल्या शेवटच्या कलमाच्या बुडाशी पोचल्यावर कप हातात घ्यायचा. तोवर चहा गार. गारच प्यायचा.

नवा पंप असला की पहिलं पाणी पडायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं कामही त्याचंच. देवासमोर नारळ ठेवून उभं राहायचं, कोण जमलं, काय मांडलं, काय मागणं आहे ते खणखणीत सांगायचं. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नियम दोनच. खोटं बोलायचं नाही आणि बोललेलं मागं घ्यायचं नाही. शेवटचा होकार कार्य मांडणाऱ्या यजमानाचा. तो आला नाही तर गाऱ्हाणं लोंबकळत राहतं, नारळ फुटत नाही, आणि त्याच्यासारखा अपशकुन नाही.

श्रीपतीभाऊ वारले आणि त्यांचा मुलगा यज्ञेश गादीवर आला. पोरगा वाईट नव्हता. कामगाराचा पगार त्यानं कधी थकवला नाही. पण विहिरीत तो कधी उतरला नव्हता, आणि न उतरता पंपाचा धंदा करणाऱ्याला पंप म्हणजे एक चित्र वाटतं.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी तो पडवीत आला आणि बाकावर एक बाटली ठेवलीन. काळी, चौकोनी. पंपाच्या मोटारीच्या अंगाला असतात तशा पात्या तिच्या दोन्ही बाजूंना. मोटारीवरच्या पात्या उष्णता बाहेर टाकतात. बाटलीवरच्या पात्या नुसती धूळ धरत होत्या.

“कसलं आईल हाय हे?” केरूनं विचारलं.

“आईल नाही काका. परफ्यूम. पुरुषांसाठी. आपल्या हत्तीबळनं काढलाय.”

“पंप खपंनासे झाले काय त्यांचे?”

“खपतात हो. पण नाव केवढं मोठं आहे! नावावर काहीही विकता येतं.”

केरूनं बाटली उलटी करून बूड बघितलं. कुठलीही वस्तू तो आधी बुडाकडून बघायचा. बुडावर काही नव्हतं. खोक्यावर मात्र छापलं होतं, ‘मेहनतीचा गंध’. तीन प्रकार होते. टॉर्क, व्होल्टेज आणि डीप वेल. मेहनतीला वास कसला येतो हे मुंबईत गार खोलीत बसून कोणीतरी ठरवलं होतं. लिंबाचा येतो म्हणे, आणि मागाहून थोडा चंदनाचा. डीप वेलमध्ये आयुष्यात न उतरलेल्या माणसालाच तिथं चंदन सापडणार. खोल विहिरीत शेवाळाचा वास येतो, मेलेल्या बेडकाचा येतो, आणि दोर सुटला तर आपलं काय होईल या भीतीचा येतो. तो कोण विकत घेईल?

“कंपनीची एक अट आहे,” यज्ञेश म्हणाला. “दुकानात अख्खी भिंत परफ्यूमची हवी. एसी हवा. तेलाचा वास चालणार नाही. ही पडवी आत घ्यावी लागेल.”

“आणि हितलं काम?”

“कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला पाठवू.”

“पंप घाट चढून उतरंपर्यंत कलम मरंल.”

“लोक आता दुरुस्त करत नाहीत काका. नवा घेतात.” मग तो जरा जवळ सरकला. “तुम्हाला कुठं जायचं नाहीये. पुढं उभे राहा. सगळा तालुका तुम्हाला ओळखतो. कंपनीचा टी-शर्ट घालायचा, गिऱ्हाइकाच्या मनगटावर फवारायचं. पगार तोच. विहिरीत उतरणं नको, पहाटे उठणं नको. उद्घाटनापर्यंत विचार करून सांगा.”

त्याला वाटत होतं की आपण उपकार करतोय. सगळ्यात वाईट तेच होतं. शिवी दिली असती तर केरूला उत्तर देता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीची बाई आली. नम्रता तिचं नाव. फवारायचं कसं हे शिकवायला ती खास मुंबईहून आली होती. जे काम माकडाला एका केळ्यात शिकवता येतं त्याला तिनं अख्खी सकाळ घेतलीन. तिनं केरूचा हात उलटा धरला. तळव्याच्या रेघांत काळं तेल मुरलं होतं, ते आता साबणाला दाद देत नसे.

“वाव! हे असेच राहू द्या हं सर, कॅमेऱ्यात फार छान दिसतील,” असं म्हणून तिनं मनगटावर बाटली दाबली. “काय जाणवलं?”

“वास आला.”

“कसला पण? डोळे मिटून सांगा.”

“बाटलीचा.”

यज्ञेश हसला. ती हसली नाही. तिनं तिन्ही प्रकार त्याच्या अंगावर मारले आणि कॉलरवर थोडं जास्तीचं.

संध्याकाळच्या एसटीत शेजारी येसूबाई बसली होती. पूर्णगडहून आलेली मासळी घेऊन ती आतल्या गावांत विकायची. तिनं नाक वर केलं, टोपली जवळ ओढली आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाली, “केरूदा, कोणाच्या वरातीला निघालास रे? माझ्या बांगड्यांचा वास मारून टाकलास मेल्या! आता ताजं कुठलं नि शिळं कुठलं, गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?”

गाडी हसली. केरू खिडकीबाहेर बघत राहिला. इतकी वर्षं तो ग्रीसनं माखून याच गाडीत बसला होता. तेव्हा कोणी नाकाला पदर लावला नव्हता.

घरी बायकोनं, हौसानं, त्याला उंबऱ्यावरच अडवलं. “हितंच थांबा. आधी अंगणात आंघोळ करा. गाय बुजंल.”

आंघोळ झाल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. पडवी जाणार, टी-शर्ट, भिंत. त्याला वाटलं ती चिडेल. ती भाकरी थापत राहिली.

“मग उभं ऱ्हायचं की. तुमचे गुडघे काय सोन्याचे हायत? पायऱ्या उतरताना कसं तोंड करताव ते मी बघत नाय होय?”

“मी माणसांवर फवारू? फवारायचं ते तुडतुड्यांवर, मोहोराला कीड पडली की.”

“पगार तोच हाय ना?”

“तोच.”

“मग तुडतुडे समजून फवारा.”

हौसाचं चुकत नव्हतं. गुडघे गेले होते. साठीला आलेल्या मिस्त्रीला दुसरा दुकानदार ठेवून घेणार नव्हता. नाही म्हणायचं तर पडवीबरोबर मिस्त्रीपणही जाणार, आणि हो म्हणायचं तरी ते जाणारच, फक्त पगार राहणार. हे गणित त्यानं पेजेबरोबर रोज पहाटे गिळलं. उद्घाटन आलं तरी ते खाली उतरलं नव्हतं.

पडवी तोवर पाडून झाली होती. तुळई कापून भंगारात गेली. जिथं बाक होता तिथं काचेची फळी आणि तिच्यावर बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीवर वेगळा दिवा. विहिरीत उतरताना केरूला कधी धड एक दिवा मिळाला नव्हता.

उद्घाटनाला यज्ञेशनं सगळे जुने बागायतदार बोलावले होते. त्यांना वाटलं नवा पंप आलाय. दादू म्हणून गोळप बाजूचा एक म्हातारा बागायतदार तर बिघडलेला फुटवाल, विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप, घेऊन आला होता, केरूला दाखवायला. तो फुटवाल काखेत धरून बाटल्यांकडं बघत उभा राहिला. “यज्ञेश, ह्यातला किती हॉर्सपॉवरचा रे?” त्यानं विचारलंन. पोरं खिदळली.

केरू टी-शर्ट घालून आला नव्हता. धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी. नम्रताचं तोंड उतरलं. तिला तेलकट हात हवे होते, त्यानं ते नारळाच्या काथ्यानं घासून आणले होते.

“बरं असू दे,” यज्ञेश म्हणाला. “काका, सुरुवात तुम्हीच करा. बाबांच्या वेळी घालायचात तसं गाऱ्हाणं घाला.” आणि नम्रताकडं वळून, “रेकॉर्ड करा. असलं मुंबईत बघायला मिळायचं नाही.”

गाऱ्हाणं बघायची वस्तू आहे असं ज्याला वाटतं त्यानं ते घालायला सांगू नये. पण सांगून झालं होतं. केरूनं फळीसमोर पाटावर नारळ ठेवला, टोपी सारखी केली, हात जोडले.

“बा देवा भैरीबुवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोकांचा आवाज आपोआप लागला.

“आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत!”

“व्हय म्हाराजा!”

“श्रीपतीभाऊंनी हितनं पंप विकले. बारा वाड्यांच्या बागा भिजवल्या!”

“व्हय म्हाराजा!” दादूचा आवाज सगळ्यांच्या वर.

“आज त्याच जागेवर वासाच्या बाटल्या मांडल्या हायत!”

“व्हय म्हाराजा!”

“मेहनतीचा वास विकायला काढला, आणि मेहनत करायची पडवी पाडली!”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला एक चाल असते. चालीत पडलेला माणूस शब्द मागाहून ऐकतो. नम्रताही मोबाईल धरून हौसेनं ओरडली, “व्हय म्हाराजा!” यज्ञेशनं मात्र मान वर केली होती.

“ह्या बाटलीनं कोणाची विहीर उपसायची नाय. कोणाच्या कलमाला थेंब मिळायचा नाय!”

“व्हय म्हाराजा!” आता काहीजण मिशीत हसत होते.

“तरी देवा, भाऊंच्या लेकानं मांड मांडला हाय. त्याला यश दे. त्याच्या घरात कमी पडू देऊ नको!”

“व्हय म्हाराजा!”

केरू थांबला. पुढचं वाक्य त्याच्याकडंही तयार नव्हतं. नारळाकडं बघता बघता ते आलं.

“आणि देवा, ह्या तुझ्या केरूला बाटल्या उडवायचा हात तू दिलेला नाय. आजपासून तो ह्या दुकानाची पायरी चढायचा नाय. ह्या घराचं मीठ खाल्लं हाय, त्यात काय चुकलं असंल तर पदरात घे, आणि त्याला मोकळा कर!”

चाल तुटली. दादूनं फुटवाल या काखेतला त्या काखेत घेतला. हा होकार लोकांचा नव्हे, यजमानाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे यज्ञेशकडं बघायला लागले. भिंतीवर दिवे, पाटावर नारळ, आणि अर्धवट गाऱ्हाणं. नाही म्हणावं तर पहिल्याच दिवशी अपशकुन. हो म्हणावं तर बापाच्या वेळचा मिस्त्री स्वतःच्या तोंडानं सोडायचा.

यज्ञेशनं हात जोडले.

“होय महाराजा,” तो म्हणाला. शुद्ध भाषेत म्हणाला, पण म्हणाला.

केरूनं नारळ फोडला. खोबरं वाटलं, नम्रतालाही दिलं. मग चपला घातल्या.

यज्ञेश मागोमाग रस्त्यापर्यंत आला. “काका, हे काय केलंत? चार लोकांसमोर?”

“तुमीच सांगितलंत घाला म्हणून.”

“अहो, ते नुसतं आपलं… सुरुवात म्हणून.”

“तसं नुसतं मला येत नाय,” केरू म्हणाला आणि स्टँडकडं चालू लागला.

कंपनीनं ते गाऱ्हाणं मोबाईलवर पसरवलं. पण कापून. ‘मेहनतीचा वास’ एवढं केरूच्या आवाजात ठेवलं, त्यावर लोकांचं ‘व्हय म्हाराजा’ चढवलं आणि खाली बाटली दाखवली. मुंबई-पुण्यात म्हणे फार आवडलं. ज्यांना पडवी पाडल्याचं वाक्य ऐकवायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. केरूला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही तक्रार केली नाही. चोरानं टरफल नेलं म्हणून कोणी बोंब मारत नाही. भिंतीवरच्या बाटल्या पुढं पंपाबरोबर फुकट देऊ लागले. बागायतदार त्या घरी नेत आणि गणपतीत उदबत्ती संपली तर मारत.

हौसा बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. “देवाला सांगायच्या आधी मला सांगायचं होतं,” एवढंच म्हणाली.

पण पंप बंद पडायचे थांबले नाहीत. सगळ्यात आधी दादू त्याचा फुटवाल घेऊन दारात आला. मग इतर आले. मोटारी अंगणात उतरू लागल्या, मातीत रुतू लागल्या. ओल्या मातीवर उघडलेल्या बेअरिंगला केरूच्या लेखी काही अर्थ नव्हता. त्यानं फाट्याजवळच्या आपल्या वरकस, भात न पिकणाऱ्या तुकड्यावर चार खांब उभे केले, पत्रे घातले, साखळीची कप्पी टांगली, आणि आयुष्यभराच्या मजुरीतून जे मागं पडलं होतं ते सगळं काढून खाली कोबा घालायला घेतला. गवंडी पातळ थर घालून मोकळा होत होता. केरूनं त्याला उठवलं, आधी जांभ्याचे तुकडे ठोकून बसवायला लावले, वर जाड थर, आणि थापी स्वतः फिरवली. गुडघ्यांवर बसून.

हौसा बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “घरात मला शेणाची जमीन, आणि मोटारींना कोबा!”

“घरात मोटार पडत नाय,” केरू म्हणाला. “मागं हो, ओला हाय.”

घरातली जमीन तशीच राहिली. पैसे तिथंच संपले. कोब्यावर पुढं दोन उन्हाळे मोटारी आदळल्या, साखळीवरून सुटल्या, लोळवल्या गेल्या. त्याला अजून चीर नाही.