आमच्या वावराची दोन चिन्हे

१९८६ सालच्या मे महिन्यात माझ्या वडिलांनी आमच्या वावरातली मोहाची पाच झाडे तोडली. झाडे एकूण सहा होती. त्याच आठवड्यात वनरक्षक घरी आला. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात. त्याने कुऱ्हाड ताब्यात घेतली आणि बाबांना रेंज ऑफिसात हजर व्हायला सांगितले.

गाव नागभीडपासून एसटीने तासाभरावर, जंगलाला लागून. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आईबाबा गावी राहत. वावर जबरानजोतीचे होते, म्हणजे वनखात्याच्या जमिनीवर परवान्याशिवाय कसलेले. अडीच एकर, सगळे धानाचे. बाबांनी तरुणपणी तिथली झुडपे काढून धुरे, म्हणजे बांध, घातले होते. मोहाची झाडे त्यांनी तेव्हा ठेवली. आमच्या भागात वावर काढताना मोह कोणी तोडत नाही. फुले खायला आणि विकायला होतात, बियांचे तेल निघते.

या जमिनीचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. ठरावीक सालाआधीच्या जबरानजोतीला पट्टा मिळणार आणि नंतरची काढून टाकणार, असे त्या काळात सरकारी कचेऱ्यांतून ऐकायला मिळत होते. बाबांनी तहसिलीत दावा केला होता. जमीन त्या सालाआधीची आहे हे सिद्ध करायचे होते, आणि सिद्ध करायला शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीपलीकडे काही नव्हते. हे अडीच एकर गेले असते तर आईबाबांना दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजुरी करावी लागली असती. दोघांचेही वय त्यापुढे गेले होते.

त्याच वर्षी जानेवारीत नागपूरहून एक संशोधक बाई गावात आली. ती संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होती. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून जंगल किती आणि शेती किती, हे संगणकाने आपोआप ओळखावे, असा तिचा विषय होता. संगणकाचे उत्तर बरोबर की चूक हे पाहण्यासाठी ती त्या त्या जागी पायी जात असे. गावात उतरायची सोय नसल्याने ती आमच्या घरी राहिली. मी रजेवर होतो, म्हणून तिच्याबरोबर फिरलो.

तिच्याजवळ दोन्ही कडांना भोके असलेल्या कागदाची लांब पट्टी होती. त्यावर नकाशाच्या रेषा नव्हत्या, नुसती चिन्हे छापलेली होती. दाट जंगलाला फुली, विरळ जंगलाला अधिक, शेतीला टिंब, पाण्याला शून्य. एक चिन्ह म्हणजे सुमारे सव्वा एकर. ज्या चित्रावरून ते छापले होते ते काही वर्षांपूर्वीचे होते.

आमच्या अंगणात तिने ती पट्टी पसरली. चारपाच शेजारी जमले. बाबांनी विचारले, "बाई, आमचं वावर कुठी आहे याच्यात?"

तिने गावच्या तलावाची शून्ये शोधली आणि तिथून पेन्सिल सरकवत नेली. "हे बघा बाबा. ही दोन चिन्हं."

"हे तं अधिक आहे. अधिक मंजे?"

"विरळ जंगल."

एक शेजारी हसला. "घ्या! इतके साल जंगलातच धान पिकवून राह्यले तुमी."

बाबा हसले नाहीत. तिने समजावून सांगितले. उपग्रह एका चौकोनातल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. मोहाची सावली आणि शेजारचे जंगल यांमुळे ती सरासरी जंगलाकडे झुकली आहे. अशा चुका होतात, त्याच शोधायला ती आली आहे.

"मंग दुरुस्त करून टाका ना," बाबा म्हणाले.

"जुनं चित्र दुरुस्त नाही करता येत, बाबा. दिवाळीनंतर नवं चित्र येईल. मग संगणक दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते सांगेल. माझं खरं काम ते आहे."

"नव्या चित्रातबी जंगलच दिसलं तं?"

"झाडं तशीच असतील तर बहुधा तसंच दिसेल."

दुसऱ्या दिवशी तिने आमचे वावर पायी पाहिले. धुरे पाहिले, कापणीनंतर उरलेली धानाची धसकटे पाहिली, मोहाची झाडे पाहिली. मग ती पुढच्या गावाला गेली.

ती गेल्यावर गावात भीती सुरू झाली. जबरानजोत आमच्या एकट्यांचीच नव्हती. आकाशातून कोणीतरी वावरे मोजते आणि ती माहिती वनखात्याला देते, एवढे घरोघर पोचले. लोक त्याला वरचा नाकेदार म्हणू लागले. पानठेल्यावर एकाने विचारले, "खालचा नाकेदार कोंबडीवर मानते. वरचा काय घेते बाप्पा?" त्यावर सगळे हसले. ज्याने विचारले होते त्याने त्याच आठवड्यात आपल्या वावरातली झोपडी मोडून लाकडे घरी आणली.

मार्चमध्ये मी एका दिवसासाठी गावी गेलो. मोह वेचणे चालू होते. आई म्हणाली, "तुये बाबा रोज सकारी वरते पाह्यते."

"काय दिसतं?"

"काई नाई दिसत. मनूनच भेवून राह्यले."

बाबांनी त्या दिवशी झाडांबद्दल काही म्हटले नाही. फुलांचा हंगाम संपेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी झाडे पाडली. मला हे कळले ते चंद्रपूरच्या दवाखान्यात आलेल्या गावच्या एका माणसाकडून. तो आमच्या दैनिकाच्या छापखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमच्या बाबानं मोहे पाडले. नाकेदार येऊन गेला."

मी पोचलो तेव्हा बाबा वावरात होते. बुंधे ताजे होते, चीक वाळलेला नव्हता.

"काऊन तोडले, बाबा?"

"वरतून वावर दिसाले पायजे ना. झाडाखाली झाकून राह्यलं, मनून ते जंगल मनते. आता नवा फोटो निघन तं साफ वावर दिसन."

मी त्यांना सांगितले की नवा फोटो एकटा पाहत नाहीत, जुन्याशी ताडून पाहतात. जुन्यात जंगल आणि नव्यात वावर दिसले, तर मधल्या काळात कोणीतरी जंगल कापले असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे जबरानजोत नवी ठरते.

बाबा धुऱ्यावर बसले. मग म्हणाले, "बाईनं हे सांगतलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"मले नव्या फोटोचीच फिकीर होती. जुना तं होऊन गेला होता."

सहावे झाड जंगलाच्या कडेला होते. वावर आमचे असले तरी त्या झाडाच्या फुलांचा हक्क गावातल्या एका ढिवर म्हातारीकडे होता. वावर निघायच्या आधीपासून तिच्या सासरचे लोक ते झाड वेचत आले होते. असा हक्क आमच्याकडे सगळे मानतात, त्यामुळे बाबा कुऱ्हाड उचलण्याआधी तिला विचारायला गेले होते. तलावाच्या पाळीवर ती जाळे विणत होती. तिने मान वर केली नाही. "तुयं वावर आकाशातून दिसो का पाताळातून, माह्या झाडाले हात लावजो नको," ती म्हणाली. बाबा परत आले.

संध्याकाळी मी नागभीडला जाऊन पोस्टातून नागपूरला ट्रंक कॉल लावला. संशोधक बाई सापडली. दुसऱ्या दिवशी बाबांना हजर व्हायचे होते; दुपारी ती आली. कागदांची नळी तिच्या खांद्याला होती. एसटी स्टँडवर पोलिसांनी ती नळी उघडायला लावली होती आणि जंगलाचे नकाशे कशाला हवेत, असे विचारले होते.

रेंज ऑफिसात बाबा सकाळपासून बाकावर बसून होते. आई बाहेर व्हरांड्यात होती. आत गेल्यावर दिसले की रेंजरच्या टेबलावर बाईच्या जुन्या पट्टीची एक प्रत आधीच होती. जंगलात फिरण्याची परवानगी देताना निष्कर्षांची प्रत कार्यालयात द्यावी अशी अट होती, आणि तिने ती पाळली होती. आमच्या गावाच्या ठिकाणी लाल पेन्सिलीने गोल केलेला होता.

रेंजर चढ्या आवाजात बोलला नाही. त्याने बाईला खुर्ची दिली, चहा मागवला. "झाडतोडीचा गुन्हा तर नोंदवावाच लागेल," तो म्हणाला. "पण अतिक्रमणाचं बघा. तुमच्याच कागदावर इथं जंगल आहे. मग हे वावर जुनं कसं?"

"कागद इथं चुकलाय," ती म्हणाली. "जानेवारीत मी त्या वावरात गेले होते. धुरे जुने आहेत. धसकटं होती."

"कागद चुकलाय, असं लिहून द्याल?"

ती म्हणाली, विचार करते, आणि व्हरांड्यात आली. मी तिच्या मागे गेलो. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते. जुन्या चित्राचे वाचन विश्वासार्ह आहे, हे तिच्या प्रबंधातले एक अख्खे प्रकरण होते. ते चुकते असे तिने सहीनिशी सरकारी कार्यालयात लिहून दिले, तर मार्गदर्शक जाब विचारणार. शिवाय उरलेल्या जंगलाची परवानगी याच खात्याकडून यायची होती. "यांनी नाही म्हटलं तर माझं काम इथंच थांबतं," ती म्हणाली.

आईने मला विचारले, "काय मनते बाई?"

"ती भ्याली आहे."

आईने सरकून तिला जागा केली. "मीबी भेली, माय," ती तिला म्हणाली. "बस इथी."

बाई बसली नाही. ती परत आत गेली. तिने आपल्या पट्टीचा शेवटचा कोरा भाग फाडला आणि मराठीत सात-आठ ओळी लिहिल्या. या दोन चिन्हांचे वाचन चुकीचे आहे, प्रत्यक्ष पाहणीत तिथे जुनी धानशेती आणि मोहाची झाडे आढळली, असा मजकूर होता. खाली सही केली. रेंजरने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. तिने त्याची पोच मागितली तेव्हा तो म्हणाला, "लागली तर मी बोलावीन."

दिवस मावळायच्या आत बाबांना घरी जाऊ दिले. झाडतोडीचा गुन्हा नोंदला गेला. कुऱ्हाड परत मिळाली नाही. घरी येताना बाबांनी एकदाच विचारले, "त्या कागदाचं काय होईन?" मला माहीत नव्हते.

त्या पावसाळ्यात बाबांनी वावरात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उरकली. कोणी अडवले नाही. नवे चित्र दिवाळीनंतर निघाले. त्याचे निष्कर्ष हाती यायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. बाईने छापखान्यात फोन केला. आमच्या दोन चिन्हांपैकी एकाचे टिंब झाले होते. दुसरे, ज्यात ढिवर म्हातारीचे झाड होते, ते 'अधिक'च राहिले होते. संगणकाने पहिल्या चौकोनापुढे 'बदल' असे छापले होते आणि दुसऱ्यापुढे काही नाही. याचीही प्रत तिला रेंज ऑफिसात द्यावी लागणार होती. तिने ती दिली, हे तिनेच नंतर सांगितले. सोबत जुन्या खुलाशाची आठवण करून देणारी एक ओळ जोडल्याचेही ती म्हणाली. तिच्या प्रबंधात आमचे गाव राहिले की वगळले गेले, ते मला समजले नाही.

मी ही बातमी गावी नेली तेव्हा बाबांनी विचारले, "आर्धं वावर नवं आन आर्धं आजून जंगलच?"

"कागदावर तसं."

"मी तं एकाच साली काढलं होतं."

एप्रिलमध्ये नाकेदार दोन माणसे घेऊन वावरात आला. त्यांनी फीत धरून मोजले आणि वावरातून आडवी चुन्याची रेघ मारली. ही रेघ कशाची, असे बाबांनी विचारले. नाकेदार म्हणाला, "मले मारा म्हटलं, मी मारली." रेघ त्या दोन चौकोनांच्या मधून जाते का, हे कोणी तपासले नाही. पहिल्या पावसात ती वाहून गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ती पुन्हा मारली.

झाडतोडीच्या खटल्यात बाबांना दंड झाला, तो भरला. तहसिलीतल्या दाव्याचा निकाल १९८९ साली मी चंद्रपूर सोडेपर्यंत लागलेला नव्हता. त्या वर्षीचा रोवणा रेघेच्या दोन्ही बाजूंना झाला.